तानुबाईचं कोपर

पत्र मंगळवारी आलं. शाळामास्तरांनी ते देवळाच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचलं, त्यामुळं राहीबाईच्या आधी ते निम्म्या गावाला कळलं. लढाई संपून सहा महिने झाले होते. मिसर आणि इटली पालथी घालून तिचा नवरा, नाईक कृष्णात, सुखरूप परतला होता, आणि दोन महिन्यांच्या रजेवर येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं सांगली स्टेशनवर उतरणार होता. शेवटच्या ओळीशी मास्तर थबकले, त्यांनी चष्मा पुसला आणि ती ओळ घाईघाईनं उरकली. पाच वर्षांत राहीचं तोंड एक दिवस डोळ्यांपुढून हललं नाही, असं कृष्णातनं लिहवून घेतलं होतं.

हे ऐकून दुसरी एखादी बाई आनंदानं फुलली असती. राहीबाईनं आरसा शोधला. लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरा पलटणीत निघून गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतरची पाच वर्षं उसाला पाणी पाजण्यात, हळद खणण्यात आणि सासूची पाठ शेकण्यात गेली. उसाच्या पाल्यानं गालांवर ओरखडे काढले होते, उन्हानं कातडी रापली होती, ओठ फुटले होते. घरात आरसा होता तो तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच गाल मावायचा. तिनं आळीपाळीनं दोन्ही गाल पाहिले, आणि कृष्णात ज्या तोंडासाठी सात समुद्र ओलांडून येत होता ते तोंड आता या घरात राहत नाही, अशी तिची खात्री पटली.

तिला तो हवा होता. इतका हवा होता की, गाडी शनिवारऐवजी उद्या आली असती तरी ती धावत गेली असती. आणि तरी ती गाडी वाटेत कुठंतरी महिनाभर पडून राहावी असंही तिला वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटायला लागल्या की माणसाला स्वस्थ बसवत नाही. बुधवारी शेजारचे कोंडीबा गुळाच्या ढेपा घेऊन सांगलीच्या पेठेत निघाले, तेव्हा राहीबाई त्यांच्या बैलगाडीत मागं बसली. त्या दिवसांत तेलाला बाटली आपली आपणच न्यावी लागे. म्हणून कोनाड्यात धूळ खात पडलेली एक काळपट हिरवी बाटली तिनं राखेनं घासून, गरम पाण्यानं तीनदा विसळून बरोबर घेतली होती.

पेठेच्या टोकाला इलाहीचा तेलाचा घाणा होता. इलाही बैलामागं फिरायचा आणि त्याची बायको अख्तरबी पुढं बसून तेल विकायची. अख्तरबीची कातडी साठाव्या वर्षीही तुकतुकीत होती, त्यामुळं तिच्या शब्दाला वजन होतं. राहीबाईनं भीतभीत आपली अडचण सांगितली. अख्तरबीनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि एकेक तेल निकालात काढलं. शेंगदाण्याचं जड, तोंडावर पुटकुळ्या आणतं. एरंडेल चिकट, त्यावर गावची धूळ येऊन बसते. करंजाचं खरजेला चांगलं, पण त्या वासानं नवरा आल्या गाडीनं परत जाईल. तिच्या मते तोंडाला ताजं, घाण्यावरचं तिळाचं तेल बरं. तेही ओल्या तोंडावर दोन थेंब, रोज रात्री नव्हे, आणि डोळ्यांपासून लांब. राहीबाईची नजर वाळ्याच्या अत्तरावर गेली, तेव्हा अख्तरबीनं बाटलीत तिळाचं तेल भरून त्यात त्याचा एकच थेंब घातला. अत्तर नुसतं तोंडाला लावणारी बाई आठ दिवस पदराआड बसते, असंही सांगितलं.

"आनि एक ध्यानात ठेव, बेटी," अख्तरबी शेवटी म्हणाली. "नवं तेल हाय. आदी कोपराच्या आतल्या अंगाला लावायचं आनि एक दिवस थांबायचं. खाजलं न्हाई, लाल झालं न्हाई, तरच तोंडाला."

कुणाच्या कोपराला, हे ती बोलली नाही. तेल विकण्याच्या चाळीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं, म्हणून सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.

राहीबाई वाटेत विचार करत आली. आपल्या कोपराला लावलं आणि डाग उठला तर? तो शनिवारी येणार, आणि पहिल्यांदा दिसणार हातच. घरात दुसरं कोपर होतं, ते सासूचं. तानुबाई आणि ती एकाच घरची, एकाच चुलीवरची भाकरी खाणारी, एकाच विहिरीचं पाणी पिणारी. कातडीत असा काय फरक पडणार होता? संध्याकाळी तिनं "आत्याबाय, हात लय दुकतात न्हवं तुमचं," असं म्हणत सासूच्या दोन्ही कोपरांना तेल चोळलं. पाच वर्षांत सुनेनं आपणहून हात चोळलेला नसल्यानं तानुबाईला गहिवरून आलं, आणि तिनं पाठही पुढं केली. गुरुवारी दिवसभर राहीबाई सासूच्या मागं मागं फिरत होती आणि काही ना काही निमित्तानं तिचा हात वर करून पाहत होती. कोपराला काहीही झालं नाही. ते जसं काळं, जाड आणि सुरकुतलेलं होतं तसंच राहिलं.

गुरुवारी दिवेलागणीला तिनं तोंड धुतलं आणि तेल लावलं. दोन थेंबांत काय होणार, असं वाटून चांगली ओंजळभर लावलं. पाच वर्षांची भरपाई दोन दिवसांत करायची होती. शुक्रवारी सकाळी तोंड चुणचुणायला लागलं. शेजारची रंगुबाई म्हणाली की ही जुनी कातडी निघायची खूण हाय, आता आतनं नवी येनार. म्हणून राहीबाईनं नव्या कातडीला मदत व्हावी या हेतूनं दुपारी आणखी एक हात फिरवला.

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा तिला चूल अर्धीच दिसत होती. डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्या होत्या. गाल वर आले होते, नाक त्यांच्यात बुडालं होतं आणि ओठ कुणा दुसऱ्या, अंगानं थोर बाईचे असावेत तसे दिसत होते. आरशात आता एक गालही मावेना. तानुबाई बाहेरून आली, सुनेकडं पाहून जागच्या जागी उभी राहिली आणि मग तिची नजर त्या हिरव्या बाटलीवर गेली.

"राहे, ही बाटली तू कशाला घेतलीस?"

"तेलाला, आत्याबाय. मोकळीच हुती."

"आगं, तीस वर्सं तिच्यात बिब्ब्याचं तेल हुतं माजं. भेगांचं."

बिब्बा कढवलेलं तेल म्हणजे काय, हे तिकडं कुणाला सांगावं लागत नाही. टाचेची भेग भरून काढतं आणि नाजूक कातडी जाळून काढतं. त्याचा अंश बाटलीला चिकटून बसला तर तो राखेला किंवा पाण्याला दाद देत नाही. राहीबाईला एकदम सगळा उलगडा झाला. तानुबाई तीस वर्षं ते तेल टाचांना लावत होती आणि तेलाचे हात कोपरांनाच पुसत होती. तिच्या कोपराला आता बिब्बाच काय, निखारा लावला असता तरी त्यानं तक्रार केली नसती.

मग उतारे सुरू झाले. तानुबाईनं लोणी थापलं, रंगुबाईनं खोबरं किसून त्याचं दूध चोपडलं. कोंडीबांनी बैलाच्या खांद्याला लावायचं करंजाचं तेल आणलं, पण ते तोंडापर्यंत पोचायच्या आत तानुबाईनं त्यांना अंगणात घालवलं. तोंडाची आग जराशी निवली, सूज मात्र तशीच राहिली. राहीबाई म्हणाली की मी येत न्हाई, तुमीच जावा. हे म्हणताना तिला रडू आलं, आणि ते अश्रू बाहेर पडायलाही डोळ्यांत पुरेशी वाट नव्हती.

तानुबाई खमकी होती. तिनं सुनेला हाताला धरून कोंडीबांच्या बैलगाडीत बसवलं आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून दिला. पण शिमगा जवळ आलेला, हळदीचा हंगाम भरात, आणि स्टेशनची वाट हळदीच्या पेठेतूनच जायची. तिथं पोती झटकली जात होती, हळकुंडं ओतली जात होती, सगळी हवाच पिवळी झाली होती. पदराखाली जीव गुदमरला म्हणून राहीबाईनं घटकाभर तोंड उघडं केलं, आणि लोण्यावर, खोबऱ्यावर हळदीचा मुलामा चढला. तिला तो दिसला नाही. कोंडीबांना दिसला, पण सकाळपासून ते इतकं ऐकून बसले होते की त्यांनी नुसते बैल हाकले.

गाडी आली. खाकी कपड्यांतले सात-आठ जण उतरले. तानुबाईनं त्यातल्या एकाच्या गळ्यात पडून गळा काढला, तेव्हा तोच आपला नवरा असणार असं राहीबाईनं धरलं. कारण खरं सांगायचं तर तिलाही त्याचं तोंड धड आठवत नव्हतं. पाच दिवसांच्या संसारात तिनं खाली मान घालून त्याचे पाय तेवढे पाहिले होते, आणि तेवढ्यावर पाच वर्षं काढली होती. आता त्या पायांवर बूट होते. बूट जवळ आले आणि तिच्यासमोर थांबले.

"राही," तो म्हणाला. "बघू दे की."

तिनं पदर गच्च धरला. मग वाटलं, आज न उद्या दिसणारच आहे. शिवाय तिलाही बघायचं होतं, आणि पाच वर्षांची आस एका पदराच्या आड किती वेळ थांबणार? तिनं पदर सोडला.

कृष्णातनं वाकून तिचं तोंड निरखलं. कोंडीबा बाहेर बैलांकडं बघत राहिले. मग तो आईकडं वळला.

"आये," तो म्हणाला, "ही तर जशी सोडून गेलतो तशीच हाय गं."

कोंडीबांना वाटलं, तोफांच्या धुरानं पोराची नजर गेली. पण नजरेत काही खोट नव्हती. लग्नाचे ते पाच दिवस राहीनं माहेरच्या आठवणीनं अखंड रडून काढले होते. त्याला बायको दिसली ती एवढीच. सुजलेल्या डोळ्यांची, फुगलेल्या गालांची, कानापर्यंत हळद माखलेली. ते तोंड मनात धरून तो वाळवंटातून चालला होता, खंदकात बसला होता, आणि अगदी तेच तोंड आता सांगली स्टेशनवर त्याच्यापुढं उभं होतं.

शनिवार, रविवार राहीबाईचे पाय जमिनीवर नव्हते. सोमवारी सूज उतरायला लागली आणि तिची झोप उडाली. मंगळवारी डोळे उघडले. बुधवारी सकाळी आरशात पुन्हा एक गाल मावला, तोच रापलेला, ओरखड्यांचा. कृष्णात येता-जाता तिच्याकडं बुचकळ्यात पडल्यासारखा बघत होता, आणि ती तोंड चुकवत होती. शेवटी तो मळ्यात गेल्याचं पाहून तिनं ती हिरवी बाटली काढली आणि तळहातावर तेल ओतलं. तेवढ्यात तो दारात उभा राहिला.

"पुन्ना कशाला?" त्यानं विचारलं. बाटलीची सगळी हकिकत आईनं त्याला सांगितली होती.

"तुमी ज्या तोंडासाठनं आलाय ते हे न्हवं," ती खाली बघून म्हणाली. "ते रडून सुजल्यालं हुतं. माजं तोंड हे असं हाय. उनातलं."

त्यानं तिच्या हातातली बाटली काढून घेतली, तिचा तळहात आपल्या धोतराला पुसला आणि समोर बसला.

"त्या तोंडाशी म्या पाच वर्सं बोलत हुतो," तो म्हणाला. "ते नुसतं रडायचं. एकदा बी काय बोललं न्हाई. तू बोलतीस की."

राहीबाईनं मान वर केली. सूज नव्हती, पदर नव्हता, आणि बघायला पुरेसा उजेड होता. तिनं त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहून घेतलं, जसं कुणी आपल्या नावावर आलेलं रान बांधापासून बांधापर्यंत चालून बघतं.

"आवं," ती म्हणाली, "तुमचं नाक लय मोठं हाय."

"पैल्यापास्नंच हाय," कृष्णात म्हणाला.

"मला कुनी सांगितलंच न्हाई," राहीबाई म्हणाली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडं बघत रडायला लागली. कृष्णात तिचे गाल पुन्हा सुजताना बघत बसून राहिला.