तीन हॉर्न म्हणजे मागे

वेन्डेल क्रुगर चौदा वर्षं कॉलेजच्या सॉकर संघाचा सहायक प्रशिक्षक होता आणि या चौदा वर्षांत त्याने मैदानावर एकही निर्णय घेतला नव्हता. तशी कामं पुष्कळ असत. मुलांचे कपडे धुवायचे, चेंडूंत हवा भरायची, परगावच्या सामन्यांना व्हॅन चालवायची, आयोवातल्या शाळा पालथ्या घालून खेळाडू हेरायचे आणि मुख्य प्रशिक्षक आर्ने लुंडक्विस्ट काही बोलले की मान डोलवायची. मान डोलवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

त्या शनिवारी सकाळी क्रीडा विभागाच्या प्रमुख मार्सिया पिकेट यांनी त्याला बोलावून घेतलं.

"आर्ने या मोसमानंतर निवृत्त होताहेत. तुमचा अर्ज वाचला मी. अर्ज चांगला आहे."

"थँक्यू, मॅडम."

"पण वेन्डेल, खरं सांगू? तुम्हाला काही ठरवताना मी कधी पाहिलेलंच नाही. सोमवारी बाहेरचे दोघं मुलाखतीला येताहेत." मग, बहुधा त्याचा चेहरा पाहून, त्या म्हणाल्या, "आज मी सामन्याला येणार आहे."

वेन्डेलने मान डोलवली आणि ती डोलवताना त्याला स्वतःचाच राग आला.

दुपारी सामना एक-एक असा बरोबरीत होता. जिंकलं तर पुढच्या फेरीत, नाहीतर मोसम इथेच संपला. अर्धा तास उरला असताना पंचांनी वेन्डेलच्या संघाविरुद्ध फाउल दिला आणि लुंडक्विस्टांनी आरडाओरडा करून पिवळं कार्ड मिळवलं. मग त्यांनी आपली घडीची खुर्ची उचलली, मैदानाकडे पाठ करून मांडली आणि तिच्यात बसले.

"हे काय चाललंय, कोच?" पंचांनी विचारलं.

"तुम्ही नाही बघत, तर मी तरी कशाला बघू?"

दुसरं पिवळं, म्हणजेच लाल. लाल कार्ड मिळालेल्याने मैदान दिसेल अशा जागी थांबायचंच नाही, असा नियम. जाता जाता लुंडक्विस्टांनी वेन्डेलचा दंड धरला.

"मी स्टँडमागे पार्किंगमध्ये माझ्या पिकअपमध्ये बसतो. फोनवर मॅच दिसते. कान उघडे ठेव. एक हॉर्न म्हणजे खेळाडू बदल. दोन म्हणजे सगळे पुढे. तीन म्हणजे सगळे मागे. कळलं?"

"पण कोच, हे नियमात—"

"कळलं?"

वेन्डेलने मान डोलवली.

पाचच मिनिटांत स्टँडमागून हॉर्न वाजला. एकदाच. वेन्डेलने घाईघाईने डावीकडचा खेळाडू बाहेर घेतला.

"कोच, मी काय केलं?" पोरगा रडवेला झाला.

"काही नाही रे. छान खेळत होतास."

"मग?"

वेन्डेलने त्याच्या खांद्यावर जॅकेट टाकलं. लगेच दोन हॉर्न झाले. "सगळे पुढे!" तो ओरडला. पोरं पुढे धावली. मागे गोलकीपर आणि बचावफळीतला गस, एवढेच उरले. गस चौथ्या वर्षाला होता, अंगाने फ्रिजएवढा आणि वेगानेही साधारण तेवढाच. पोरं पुढे पोचतात न पोचतात तोच तीन हॉर्न. "मागे! सगळे मागे!"

"नक्की काय करू, कोच?" कप्तान मधल्या रेषेवर उभा राहून ओरडला.

"आधी पुढे जा, मग मागे ये!"

पुन्हा एक. आणखी एक खेळाडू बदलला. पुन्हा दोन. चेंडू आपल्याच गोलापाशी असताना सगळे पुढे! वेन्डेलने स्वतःची समजूत घातली, की फोनवरचं चित्र अर्धा मिनिट मागे असतं, कोचना जुनंच दिसत असणार. आपण कोण शंका घेणारे? त्याने सगळ्यांना पुढे पाठवलं. प्रतिस्पर्धी संघ मात्र पुरता गोंधळला. समोरची पोरं लाटेसारखी येतात आणि काही न करता परत जातात, याला काय म्हणावं ते त्यांना कळेना. त्यांचा प्रशिक्षक वही काढून काहीतरी लिहू लागला.

स्टँडमध्ये पिकेट मॅडमही काहीतरी लिहीत होत्या.

तिथल्या कॉलेज सामन्यांत घड्याळ उलटं मोजतं आणि शून्याला खेळ संपतो; घड्याळात वीस सेकंद उरले आणि आपल्याला कॉर्नर मिळाला. गस मधल्या रेषेपाशी कमरेवर हात ठेवून उभा होता. तेवढ्यात हॉर्न वाजला. एक. दोन. तीन.

सगळे मागे. म्हणजे बरोबरी. म्हणजे मोसम खलास. आणि सोमवारी बाहेरचे दोघं.

वेन्डेलने पार्किंगच्या दिशेला पाहिलं. मग गसकडे पाहिलं. त्याला स्वतःचाच आवाज परक्यासारखा ऐकू आला.

"गस! पुढे जा!"

"मी? कोच, मी कधी—"

"मी सांगतोय ना! जा! गोलासमोर नुसता उभा राहा!"

गस निघाला. लाउडस्पीकरवर शेवटचे दहा सेकंद मोजायला सुरुवात झाली. सातला कॉर्नर मारला. पाचला चेंडू हवेत होता. चारला गसने डोळे मिटून घेतले. पुढे त्यानेच हे कबूल केलं. चेंडू त्याच्या कपाळावर आदळला आणि जाळ्यात गेला.

पोरांनी आधी गसला आणि मग वेन्डेलला जमिनीवर लोळवलं. तो उठला तेव्हा समोर पिकेट मॅडम होत्या.

"असा खेळ मी आयुष्यात पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "त्या दोघांना सोमवारी येऊ नका म्हणून कळवते. संघ तुमचा."

वेन्डेलला नुसतं 'थँक्यू' म्हणता आलं असतं. पण खोटं त्याला पचत नसे. "मॅडम, ते पुढे-मागे करणं माझं नव्हतं. ते कोच हॉर्न वाजवून सांगत होते. शेवटी गसला पाठवलं तेवढंच माझं. तेसुद्धा त्यांचं न ऐकता."

"कुणी हॉर्न वाजवला?" मागून लुंडक्विस्ट आले. मिशीला मोहरीचा सॉस लागला होता. "पिकअपचा हॉर्न दाबला तर तो मेलेला. मग शेजारी होल्म होता, आपल्या एका पोराचा बाप, त्याच्या गाडीत बसलो. त्याच्याकडे हीटर होता."

"पण हॉर्न तर वाजत होता!"

"तो होल्म वाजवत होता. त्याची बायको पालकांच्या खाण्याच्या स्टॉलवर होती ना. एक म्हणजे कॉफी आण, दोन म्हणजे हॉटडॉग आण, तीन म्हणजे थंडी वाजत असेल तर गाडीत येऊन बस. छान माणूस आहे. मला तीन हॉटडॉग खाऊ घातले."

वेन्डेल मटकन गवतावर बसला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने आज्ञा मोडली होती, आणि तीही मिसेस होल्मना दिलेली.

पिकेट मॅडमनी चष्मा काढून पुसला, तोंड दुसरीकडे करून बराच वेळ पुसला. "शेवटचं तेवढं तुमचं होतं ना?" त्या म्हणाल्या. "मग पुरे." आणि त्या गेल्या.

लुंडक्विस्ट खाली वाकले, गुडघ्यावर हात टेकून वेन्डेलशेजारी बसले. एरवी गडगडणारा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"वेन्डेल, एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा मी मॅच मजेत पाहिली. काही ठरवायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही. नुसतं खायचं आणि मान हलवायची." त्यांनी मिशीवरचा सॉस पुसला. "घरी बसून मी काय करणार सांग? तुला आता सहायक लागेल ना?"

वेन्डेलने सवयीने मान डोलवायला सुरुवात केली, आणि मग थांबवली.

"अर्ज द्या, कोच," तो म्हणाला. "आणि व्हॅन चालवता येते का, तेही लिहा."