नकाशातला माणूस, नग एक

नकाशात फाटकापाशी काढलेला माणूस प्रत्यक्ष जागेवर नव्हता, म्हणून ‘सौरभ हाइट्स’चं भोगवटा प्रमाणपत्र अडलं. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे, आता लोकांनी राहायला हरकत नाही, असा तो नगरपालिकेचा दाखला. तो मिळेपर्यंत नळाला पाणी नाही आणि लिफ्ट चालू करायची परवानगी नाही. लोक मात्र केव्हाच राहायला आले होते. चौथ्या मजल्यावरचे दत्ताराम खोचरे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, टँकरच्या पाण्याच्या कळशा जिन्यानं वर चढवत. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते.

त्यांच्या बायकोला, नलिनीला, दाखला हवा होता तो या गुडघ्यांसाठी. बाकीची सोसायटी मीटिंगपुरती तापायची आणि चहा आला की थंड व्हायची. नलिनी दर सोमवारी नगरपालिकेच्या बाकावर जाऊन बसे. सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. ती चोवीस महिने थांबली, तेव्हा कुठे नगररचना विभागाचे साळोखे साहेब पाहणीला आले. बुटके, पोट सुटलेले, बगलेत फाइल.

त्यांनी जिना मोजला, टाकी मोजली, आणि शेवटी फाटकाशी येऊन नकाशावर बोट ठेवलं. इमारत केवढी मोठी हे कळावं म्हणून नकाशात पुढे एक झाड नि एक माणूस काढतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. झाड सोसायटीनं लावलं होतं. माणूस होता साडेपाच फुटांचा, उजव्या हातात पिशवी, डावा पाय चालताना उचललेला.

“झाड हाय,” साळोखे म्हणाले. “माणूस कुठाय?”

“साहेब, ते नुसतं चित्र आहे.”

“मंजूर चित्र हाय, वहिनी. शिक्का बघा की.”

सोसायटीनं सगळ्या पुरुषांची उंची मोजली. बरोबर साडेपाच फूट एकटे दत्ताराम भरले. स्वभावानं गरीब माणूस. पाहणीपुरतं तर उभं राहायचं, असं म्हणून त्यांनी जुनी तिकिटांची पिशवी उजव्या हातात धरली आणि डावा पाय उचलला. साळोख्यांनी टेप लावून पायाची उंची तपासली, ती जुळली. मात्र नकाशात माणसाच्या डोक्याच्या जागी नुसता गोल होता, तेव्हा त्यांनी ‘चेहरा जादा’ असा शेरा मारला आणि तो निघेपर्यंत हलायचं नाही असं बजावलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दत्तारामांचा चेहरा वाटीच्या बुडासारखा गुळगुळीत झाला आणि शेरा निकाली निघाला.

प्रमाणपत्र आलं. नळाला पाणी आलं, लिफ्ट सुरू झाली, सेक्रेटरी पोवारांनी पेढे वाटले. नलिनी नवऱ्याला वर न्यायला खाली गेली, तर पोवार आडवे आले. प्रमाणपत्र माणसासकट दिलेलं आहे, माणूस हलला की रद्द, असं त्यांनी दाखल्याची अट वाचून सांगितलं. एका माणसानं बत्तीस बिऱ्हाडांचं भलं होत असेल तर वहिनींनी मन मोठं करावं. मग तुम्ही उभे राहा, असं ती म्हणाली, तेव्हा आपण पावणेसहा फूट आहोत हे त्यांनी खेदानं कळवलं.

तिनं खाली चहा नेला. कप धरून ती बराच वेळ उभी राहिली, पण तो टेकवायचा कुठं हे तिला कळेना. सोमवारी तिनं साळोख्यांना याबद्दल विचारलं.

“नकाशात तोंड न्हाई,” ते फाइलीतून मान वर न करता म्हणाले. “त्यामुळं चहाचा प्रश्न उद्भवत नाही.”

नलिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गुडघ्यांसाठी तिनं चपला झिजवल्या, त्यातल्याच एकावर आता सगळी इमारत उभी होती. तिला ओरडावंसं वाटलं, साळोख्यांचं टेबल उलथावंसं वाटलं. तिनं तसं काही केलं नाही. तिनं नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि तिथंच बाकावर बसून वाचलं. मंजूर माणूस कमी करता येत नाही, असं त्यात होतं. सुधारित नकाशा देऊन तो हलवता येतो, मात्र मोकळ्या झालेल्या जागी दुसरा दाखवावा लागतो.

नकाशे काढणाऱ्याच्या शेजारी ती दोन दिवस ठाण मांडून बसली. दत्तारामांना तिनं चौथ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसवून घेतलं, दोन्ही पाय स्टुलावर. डोळे, नाक, तोंड, हनुवटीवरचा तीळसुद्धा काढायला लावला. हातात कप. फाटकापाशी दुसरा माणूस काढवला, सव्वापाच फुटी, पोट सुटलेला, डाव्या बगलेत फाइल, एक पाय उचललेला. डोक्याच्या जागी नुसता गोल.

सुधारित नकाशाची घडी त्या कार्यालयात कोणी उलगडत नाही, मागच्या बाजूवर सही करतात. साळोख्यांनीही तशीच केली. त्या संध्याकाळी दत्तारामांनी पाय खाली टेकला, लिफ्टनं वर आले, खुर्चीत बसले आणि चहाचा घोट घेतला.

“साखर कमी पडली,” ते म्हणाले. नलिनी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली आणि साखरेचा डबा घेऊन बाहेर आली.

आठवड्यानं साळोखे पाहणीला आले. फाटकापाशी त्यांनी पहिल्यांदाच नकाशा उलगडला. बराच वेळ बघितला, मग मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे बघितलं. नलिनी टेप घेऊन उभीच होती.

“शिक्का बघा की, साहेब,” ती म्हणाली.

नियम त्यांना पाठ होते. त्यांनी फाइल उजव्या बगलेतून डाव्या बगलेत घेतली आणि पाय उचलला. चेहरा दोन दिवस टिकला.

नलिनी रोज सकाळी दूध आणायला त्यांच्यासमोरून जाते. चहा नेत नाही. प्रश्न उद्भवत नाही.