एक इंचही न हलणारी शेड

बायको गेली हे मिस्त्रींना कळलं तेव्हा ते मागच्या अंगणातल्या शेडमध्ये तिचा चष्मा शोधत होते. दवाखान्यात परत येताना तो आणा, म्हणून तिने सकाळीच बजावलं होतं. चष्मा हिरव्या रंगाच्या डब्यावर उपडा पडलेला सापडला आणि तेवढ्यात मेंदीच्या कुंपणापलीकडून शेजारचे मास्तर म्हणाले, "मिस्त्री, दवाखान्यातून फोन होता. चला, मी येतो बरोबर."

मास्तर चाळीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेले. हातात नेहमी काहीतरी मोजायचं साधन. त्या दिवशी हात रिकामे होते, त्यावरूनच मिस्त्रींनी काय ते ओळखलं. त्यांनी चष्मा होता तिथेच, रंगाच्या डब्यावर परत ठेवला.

त्या दिवसापासून शेडमधली एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही. खुरपं खिळ्याला, फावडं कोपऱ्यात, फळीवर कुंड्या ओळीने. बाहेरून शेड तीन बाजूंनी हिरवीगार होती. रंग बायकोने स्वतः दिला होता. चौथी, कुंपणाकडची बाजू मात्र कोरी. शेड आणि मेंदी यांच्यात अंतर चार बोटांचं. तिथून मांजरसुद्धा अंग चोरून जायचं, मग ब्रश धरलेला हात कुठून जाणार?

पाचव्या महिन्यात नगरपालिकेची नोटीस आली. प्राप्त तक्रारीनुसार आपली शेड हद्दीपासून तीन फुटांच्या आत आहे, ती महिन्याभरात सरकवावी अथवा पाडावी.

तक्रार कोणी केली हे मिस्त्रींना कुणी सांगायची गरज नव्हती. चार बोटं कोण मोजणार? ज्याच्याकडे कोनमापक आहे तोच. त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. मास्तर दोनदा कुंपणाशी येऊन घसा खाकरून गेले. मिस्त्रींनी दोन्ही वेळा पाठ फिरवली आणि झारीने मोकळ्या जमिनीला पाणी घातलं.

लेकीचा फोन आला. तीन फुटांचाच तर प्रश्न आहे, सरकवून टाका, असं तिचं म्हणणं.

"तुझ्या आईने जिथे ठेवली तिथेच राहील ती," मिस्त्री म्हणाले. "एक इंचही हलणार नाही."

"बाबा, आईने कुठे ठेवली? तुम्ही ठेवलीत. आई नको नको म्हणत होती."

मिस्त्रींना एकाएकी ऐकू येईनासं झालं. त्यांनी फोन ठेवला.

आता मिस्त्री म्हणजे कोणी लेचापेचा माणूस नव्हे. बस आगारात चौतीस वर्षं ब्रेकचं काम केलेला. त्यांच्या हातची बस घाटात उभी केली तर पंक्चरवालाही तिच्याखाली निर्धास्त झोपे, असं ते स्वतःच सांगत. अशा माणसाला कागद काय घाबरवणार? त्यांनी नगरपालिकेतून नियमांचं पुस्तक आणलं, तीन दिवस वाचलं आणि चौथ्या दिवशी मांडीवर थाप मारली. तीन फुटांचा नियम बांधकामाला होता. चाकांवर उभ्या असलेल्या, हलवता येणाऱ्या वस्तूला नियमच नव्हता.

तेव्हा शेड एक इंचही हलू नये म्हणून मिस्त्रींनी तिला चाकं लावायचं ठरवलं.

आगारातून दोन जॅक आले. जुन्या हातगाडीची चार चाकं आली. आतली एक कुंडीही न हलवता मिस्त्रींनी शेड एकेका कोपऱ्याने उचलली, खाली लोखंडी चौकट सरकवली, आस बसवले, वंगण घातलं. आठ दिवस लागले. मास्तर गच्चीवरून पाहत होते. एकदा न राहवून त्यांनी वरून विचारलं, की अंगणाला कुंपणाकडे उतार आहे, ते लक्षात आहे ना? उतारावरून दोन्ही घरांत पूर्वीच एक भांडण होऊन गेलं होतं. मिस्त्रींच्या अंगणातलं पाणी मास्तरांच्या वाफ्यात जायचं. मिस्त्रींनी आकाशाकडे पाहून उत्तर दिलं, की चौतीस वर्षं उतारावर काढलेल्या माणसाला फळ्यावरच्या माणसाने उतार शिकवू नये.

आणि उतारासाठी त्यांनी चारही चाकांना विटा लावल्याच होत्या. ब्रेक नव्हता. कायम एका जागी उभ्या राहणाऱ्या वस्तूला ब्रेक कशाला, असा त्यांचा विचार.

महिना संपला त्या दिवशी सकाळी तपासणीला साहेब आले. कमरेला टेप, काखेत फाईल. मिस्त्रींनी पुस्तकातलं पान उघडून पुढे केलं. साहेबांनी पान वाचलं, वाकून चाकं पाहिली आणि मान हलवली. चाकं ठीक आहेत, पण खाली विटा आहेत. विटांवर टेकलेलं म्हणजे पायावर उभं. पायावर उभं म्हणजे बांधकाम.

"मग विटा काढतो," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, थांबा," कुंपणापलीकडून मास्तर म्हणाले.

मास्तर थांबा म्हणाले नसते तर मिस्त्री कदाचित थांबले असते. त्यांनी चारही विटा लाथेने उडवल्या, हाताची घडी घातली आणि साहेबांना म्हणाले, "बघा. आहे का पाया?"

पाया नव्हता. वंगण मात्र उत्तम होतं. शेड आधी विचार केल्यासारखी जरा थांबली, मग निघाली. मिस्त्रींनी धावत जाऊन दाराची कडी पकडली आणि चौतीस वर्षांच्या सवयीने उजवा पाय जमिनीवर दाबला. पाय मातीत रुतला, चप्पल तिथेच राहिली, शेड पुढे गेली. चार बोटांचं अंतर संपलं, मेंदीचं कुंपण आडवं झालं, आणि शेड मास्तरांच्या वाफ्यातून वाट काढत त्यांच्या दगडी बाकावर जाऊन धडकली. आत कुंड्या फुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मास्तरांची बायको दारात आली, शेडकडे पाहिलं आणि साहेबांना चहा चालेल का, असं विचारून आत गेली.

साहेब कर्तव्याला पक्के. कुंपणाच्या भगदाडातून पलीकडे जाऊन त्यांनी टेप लावला. हद्दीपासून तीन फूट दोन इंच. नियमात बसतं, असं त्यांनी फाईलवर लिहिलं. जमीन कोणाची हा मुद्दा तक्रारीत नव्हता.

मिस्त्री एका पायात चप्पल घालून शेडच्या दारात उभे होते. खुरपं खिळ्यालाच होतं. बाकी सगळी माती आणि खापऱ्या. रंगाचा डबा लोळत होता, झाकण शाबूत. चष्मा मातीत होता, एकही ओरखडा नाही. तो उचलून ते वळले आणि मास्तरांना म्हणाले, "झालं समाधान? आता ती तक्रार दाखवा. मला तुमचं अक्षर बघायचंय."

"अक्षर माझंच आहे, मिस्त्री," मास्तर म्हणाले. "सही बघा."

साहेबांनी फाईल पुढे केली. मिस्त्रींचा चष्मा घरात होता. त्यांनी हातातला बायकोचा चष्मा मातीसकट डोळ्यांवर चढवला. अर्जावरची तारीख गेल्या वर्षीची होती. 'माझे पती माझे ऐकत नाहीत. कागद आला तर ऐकतील. शेड तीन फूट आत घ्यायला लावावी, म्हणजे मला चौथी बाजू रंगवता येईल.' खाली बायकोची सही, नेहमीसारखी शेवटी वर उडालेली.

"त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो," मास्तर म्हणाले. "दोघंही हसत होतो. नगरपालिका इतका उशीर लावेल असं वाटलं नव्हतं. त्या गेल्यावर अर्ज मागे घ्यायचं मला सुचलं नाही. सांगायला आलो, तर तुम्ही झारी घेतलीत."

चहा आला. मिस्त्रींनी दगडी बाकावर बसून तो घेतला. समोर शेडची चौथी बाजू होती, मेंदीची पानं चिकटलेली, कोरी.

"शेड मी परत नेणार," कप खाली ठेवत मिस्त्री म्हणाले. "कुंपणापासून तीन फुटांवर ठेवणार. पण माझ्या मर्जीने. तिच्या अर्जामुळे नाही."

"अर्थात," मास्तर म्हणाले.

त्याला आता दोन महिने झाले. शेड अजून मास्तरांच्याच अंगणात आहे. मिस्त्रींनी तिला असा ब्रेक बसवला आहे, की आता ती दोघांनी ढकलूनही हलत नाही, आणि तो सोडवायचा कसा ते मिस्त्री शोधत आहेत. मेंदी नव्याने लावून झाली. जायला-यायला मध्ये वाट ठेवली आहे. फुटलेल्या कुंड्यांच्या जागी मास्तरांच्या बायकोने चार कुंड्या दिल्या. ब्रश कडक झाला होता, तो रॉकेलमध्ये भिजवून मऊ केला. डब्यात रंग पुरेसा आहे, उघडून पाहिला.

चौथी बाजू रंगवायची राहिली आहे.