बारा मिनिटांची बदली

दोन गावांमधलं अंतर ठरवण्याचा अधिकार फक्त सरकारला असतो. चालणाऱ्याच्या पायांचं मत त्यात विचारात घेतलं जात नाही. १९५८ साली वरच्या कचेरीनं नियोजित विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कळवायला सांगितलं, तेव्हा शिरूरच्या अंतर-नोंद कचेरीतले कारकून लालमहंमद यांनी हे तत्त्व तंतोतंत पाळलं. शिरूरचा विमानतळ म्हणजे गावातल्या गेणबा धनगरांची मेंढरं चरायची ती पड जमीन. दौंडचाही तसाच (मेंढरं तेवढी दुसऱ्याची). लालमहंमदांनी नकाशावर पट्टी ठेवली. अठ्ठावीस मैल. विमानाचा वेग ताशी एकशेचाळीस. वेळ, बारा मिनिटं. खाली सही ठोकली. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

तक्ता मंजूर होऊन आला आणि श्रावणात लालमहंमदांची दौंडला बदली झाली. रुजू व्हायची मुदत मंजूर तक्त्यानुसार बारा मिनिटं. सामानासाठी तीन मिनिटं जादा (सहानुभूतीपूर्वक).

"पंध्रा मिंटात?" बायको रशिदा म्हणाली. "आवो, शेळीला गाडीत चढवायलाच आर्धा तास जातोय!"

"हुकूम हाय," लालमहंमद म्हणाले. "गाडगी बांध."

भीमेला पूर आला होता, नाव बंद होती. म्हणून ती दोघं एस.टी.नं पुण्याला गेली. शेळीला कंडक्टरनं दोनदा उतरवलं, दोनदा चढवलं. रात्र पुणे स्टेशनवर काढली. सकाळची गाडी चुकली, दुपारची मिळाली. नव्वद मैल हिंडून दौंडच्या कचेरीत पोचली तेव्हा दुसऱ्या दिवशीचे साडेचार वाजले होते.

तिथल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "काल साडेदहाला कार्यमुक्त झालात. पावणेअकराला इथं हवे होतात. लेखी खुलासा द्या, नाहीतर नोकरी खंडित धरावी लागेल."

लालमहंमदांनी दौत पुढं ओढली. विमानच नाही असं लिहावं, तर तक्ता खोटा ठरतो. तक्त्याखाली सही कुणाची? पेन्शनला आठ वर्षं उरलेली. बाहेर ओट्यावर रशिदा ओल्या वळकटीवर बसून होती. त्यांनी दोनदा कागद फाडला. मग लिहिलं, "विमान चुकले."

साहेबांनी शेरा मारला, "खुलासा समाधानकारक. यापुढे विमानतळावर वेळेआधी हजर राहावे."

"खरं का न्हाई लिवलं?" रशिदानं विचारलं.

"खऱ्याला रकाना नव्हता," ते म्हणाले. त्या दिवशी मात्र त्यांना भाकरी गोड लागली नाही.

पुढच्या वर्षी दोन्ही तालुक्यांतल्या दोनशे लोकांनी शिरूर-दौंड थेट एस.टी. मागितली. अर्ज लालमहंमदांच्याच टेबलावर आला. प्रवाशाचं विमान चुकल्याची नोंद दप्तरी होतीच. म्हणजे विमानसेवा चालू असल्याचं सिद्ध होतं. त्यांनी अभिप्राय दिला, "जलद सोय उपलब्ध असताना एस.टी.ची गरज दिसत नाही." मागणी फेटाळली गेली. निकालाच्या प्रतीवर "वाचले, मान्य आहे" असं छापलेलं होतं. दोनशेच्या दोनशे अर्जदारांनी शिपायानं बोट ठेवलं तिथं मुकाट सही केली आणि आपापल्या कामाला गेले.

त्यांना अडाणी म्हणण्याआधी वाचकांनी आपण केलेली अशी शेवटची सही आठवावी. वर काय छापलं होतं, ते सांगता आलं तर खुशाल हसावं.