उंटानं तपासलेला पूर

मांडी घालून बसा पाहू, चुळबुळ नको. एका जंगलात ओढ्याच्या काठी सगुणा नावाची खेकडीण राहायची. पोटाशी चाळीस पिल्लं आणि सगळ्यांना मिळून एकच बीळ.

तर झालं काय, सिंहमहाराजांना गुहेत पंखा हवा झाला. लगेच फर्मान निघालं, ओढ्याजवळच्या खोलगट मैदानात वीजकेंद्र उभारा!

पण आधी पुराचा धोका तपासायचा, कायदाच तसा. त्यासाठी थेट वाळवंटातून तज्ज्ञ आणला. उंट! हसता काय? बाहेरून आलेल्याला आपल्याकडं मान मोठा असतो.

उंटराव भर वैशाखात आले, कारण पावसाळ्यात फार चिखल होतो. ते ओढ्यात उतरले, चारी पाय कोरडे घेऊन वर आले आणि त्यांनी लिहून टाकलं, 'पुराचा धोका नाही.' मग केंद्राचं सांडपाणी सोडायला तिथून ओढ्यापर्यंत एक रुंद गटार आखलं. नेमकं सगुणेच्या बिळावरून!

जनसुनावणीत सगुणा तिरकी तिरकी पुढं आली. "उंटराव, श्रावणात पाणी त्या उंबराच्या फांदीला लागतं हो! ओढा चढला की हेच गटार पाणी उलटं आत आणील. केंद्र बुडेल, आणि माझी पिल्लं कुठं जातील?"

"बाई, तुम्ही राहता कुठं?"

"इथंच की. जन्मापासून."

"मग तुमचं मत निःपक्षपाती कसं? ज्यानं हा ओढा कधी पाहिलाच नाही, त्याचीच साक्ष धरता येते."

सचिव कोल्ह्यानं तिचं म्हणणं टिपून घेतलं. मग गटार खणलं. बिचारी सगुणा रडत रडत पिल्लांना घेऊन टेकडीवरच्या एका कपारीत राहायला गेली.

केंद्र सुरू झालं, पंखा फिरला. श्रावणात ओढा चढला, पाणी गटारातून उलटं शिरलं. केंद्र बुडालं, पंखा थांबला. आता मात्र महाराज घामाघूम होऊन खवळले.

चौकशी बसली, सगुणेलाही बोलावलं. कोल्ह्यानं ते टिपण वाचून दाखवलं.

"म्हणजे हिला सगळं आधीच ठाऊक होतं?" महाराज गरजले. "आणि ऐन वेळी ही बरी टेकडीवर! ओढ्याशी हिचं संगनमत आहे!"

"अहो महाराज, मी सांगितलं होतं ना!"

"तोच तर पुरावा!"

सगुणा चाळीस पिल्लांसकट जंगलातून हद्दपार झाली. उंटरावांना आता पुराचा अनुभव आला होता, म्हणून त्यांना धरणाचं काम मिळालं.

तात्पर्य: पाणी कुठवर चढतं हे ठाऊक असेल तर तोंड उघडू नये, आणि घर तर मुळीच हलवू नये. ठाऊक नसेल तर बेलाशक तज्ज्ञ व्हावं.