वस्तरा, पीठ आणि हरीण

साहित्य माणसाला घडवतं, असं जाणकार सांगतात. चौकातल्या त्या सलूनमध्ये साहित्य माणसाचे कल्ले घडवत असे, आणि कधीकधी दोन्ही बाजूंचे सारखे येत नसत.

याचं मूळ सलूनवाल्याच्या वाचनवेडात होतं. दिवसभर हात गुंतलेले, घरी गेल्यावर डोळे मिटलेले. मग वाचायचं कधी? त्यानं तोडगा काढला होता. बाकावर ज्याचा नंबर पुढचा, त्यानं मोठ्यानं वाचायचं. पुस्तकं दोन. एक, लढाईच्या काळातल्या एका खेड्याची सहा खंडांची कादंबरी. दुसरं, रानातल्या पशुपक्ष्यांवरच्या कवितांचं. सलूनवाल्याचा हात मजकुराच्या चालीनं चालतो, हे दोनचार कान गमावता गमावता वाचल्यावर गिऱ्हाइकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनीच नियम घालून दिला : कात्री चालू असेल तर लढाई, वस्तरा चालू असेल तर बगळा. कवितेतला बगळा तीन पानं नुसता उभा राहतो. तेवढ्यात गळा सुखरूप पार पडतो.

विमा कचेरीतल्या उपसाहेबांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचं नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून ते इथं आले. गेली कित्येक वर्षं ते उपव्यवस्थापक होते आणि पुढचं ते ‘उप’ गळून पडावं, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी होती. त्यासाठीची मुलाखत त्याच दुपारी होती. हिशेब विभागातला गुळगुळीत गालांचा तरुण आपल्या मुळावर आलाय, अशी त्यांची पक्की खात्री होती.

“दाढी घोटून करा. मिशी फक्त कडेनं,” ते म्हणाले. “मिशी म्हणजे माझी ओळख आहे.”

“निर्धास्त बसा,” सलूनवाला म्हणाला, आणि त्यानं फेस लावला.

बाकावर वायरमन होता. त्यानं पाचवा खंड उघडला. सलूनवाल्यानं वस्तरा उचलला.

“बगळा काढा की.”

“मालक, काय बोलताय?” वायरमन दुखावला. “शत्रूचे सैनिक गिरणीच्या दारात आलेत. पळून आलेल्या जखमी जवानाला गिरणीवालीनं पिठाच्या पेटीत लपवलंय. अन् मी बगळा वाचू?”

सलूनवाला विचारात पडला. “बरं. पण हळू वाचा. भावना आणू नका.”

वायरमननं भावना आणली. दारावर बंदुकीचा दस्ता आपटला, तेव्हा वस्तऱ्यानं उजवा गाल एका दमात पार केला. उपसाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. सैनिकांनी पोती उलटीपालटी केली. पेटीत जवानाच्या नाकात पीठ जाऊ लागलं.

“‘त्याच्या नाकात आता एक कण हुळहुळला,’” वायरमन कुजबुजत वाचू लागला. “‘शिंक वर चढली. त्यानं जीभ चावली. शिंक थांबली. मग ती परत आली...’”

वस्तरा मिशीच्या कडेवर होता. फेसाचा एक बुडबुडा उपसाहेबांच्या नाकपुडीत फुटला. त्यांना गिरणीवालीशी काही देणंघेणं नव्हतं. पण नाकाला ते कोण सांगणार? त्यांनी जीभ चावली. शिंक थांबली. मग ती परत आली.

जवान शिंकला नाही. उपसाहेब शिंकले.

अर्धी मिशी त्यांच्या अंगावरच्या कापडावर पडली होती.

“रक्त नाही,” सलूनवाला आधी म्हणाला. मग आरशात पाहून म्हणाला, “तशी सुटसुटीत दिसतेय.”

“सुटसुटीत? अहो, अर्धी आहे ती!”

“अर्धी काही ठेवता येत नाही हो. दुसरीही काढू. हलू नका, गळाही राहिलाय.”

“आधी ते पुस्तक मिटा!”

वायरमननं नाखुशीनं कवितांचं पुस्तक घेतलं. बगळ्याचं पान कुणीतरी घरी नेलं होतं. त्यानं हरीण काढलं. शीर्षकावरून ते गरीब वाटत होतं. वस्तरा गळ्यावर टेकला.

“‘तळ्यावर हरीण आलं,
वाकून पाणी प्यालं.
पाण्यात दिसलं त्याचं तोंड,
तोंडामागे गवत हललं.’”

वस्तरा थांबला. नेमका गळ्याच्या घाटीवर.

“कोण आहे गवतात?” सलूनवाल्यानं विचारलं.

“थांबा, पान उलटतो.”

उपसाहेब श्वासही घेत नव्हते. एवढ्यात आरशापुढे ठेवलेला त्यांचा फोन वाजला. वायरमननं सेवाभावानं तो उचलून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“अहो, पोचलात का?” बायकोचा आवाज आला.

“वहिनी, ते आत्ता बोलू शकत नाहीत,” सलूनवाला म्हणाला. “मानेवर वस्तरा आहे.”

पलीकडे किंकाळी उठली. वहिनींना सलून, मिशी, गिरणी, पिठाची पेटी आणि हरीण हे सगळं या क्रमानं समजावून सांगावं लागलं. वस्तरा तोवर जागचा हलला नाही, आणि उपसाहेबही.

“तुम्ही आधी तिथून निघा बघू!” सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या. “मुलाखत आहे तुमची!” मग जराशानं विचारलं, “त्या हरणाचं काय झालं?”

वायरमननं वाचलं. “‘गवत पुन्हा उभं राहिलं.’ संपली कविता.”

“संपली? असं मध्येच सोडतात का?” सलूनवाला भडकला. त्या रागाच्या भरात गळा आणि उरलेली मिशी चार फटक्यांत स्वच्छ झाली. उपसाहेबांनी डोळे उघडले. आरशात त्यांच्या जागी त्यांचा बिनमिशीचा धाकटा मेहुणा बसला होता, जो त्यांना कधीच आवडला नव्हता.

ते उठले. घाई केली असती तर वेळेत पोचता आलं असतं. पण आता नंबर वायरमनचा होता. तो खुर्चीत बसला आणि पाचवा खंड त्यानं उपसाहेबांच्या हातात दिला. बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

“मला मुलाखतीला जायचंय!”

“जा की,” सलूनवाला कात्री उचलत म्हणाला. “गिरणीवालीचं जे व्हायचं ते होईल.”

उपसाहेब दारापर्यंत गेले. तिथं उभ्या उभ्या त्यांनी फक्त पुढची ओळ पाहिली. ‘सैनिकानं पेटीच्या झाकणावर हात ठेवला.’

“अहो, पुढे वाचा ना!” फोनमधून वहिनी ओरडल्या. त्या अजून होत्या.

“तूच तर म्हणालीस, निघा म्हणून!”

“झाकण उघडलं का ते सांगा, मग निघा. मी गॅस बंद करून बसलेय!”

त्यांनी वाचलं. झाकण उघडलं तर खरं, पण उघडायला त्या सैनिकानं अख्खं प्रकरण घेतलं. जवान पांढराफटक पडून होता. सैनिकानं त्याच्याकडे पाहिलं, पसाभर पीठ पिशवीत घेतलं आणि झाकण परत लावलं. उपसाहेबांचा आवाज भरून आला. वायरमनचा डावा कल्ला गेला. कुणी तक्रार केली नाही.

मग मात्र ते धावले. रिक्षा मिळेना, मिळाली ती चौकात अडकली, तिथून ते पळत सुटले. रस्ताभर सबबी जुळवत होते. मिशीची वेगळी, उशिराची वेगळी. कचेरीच्या जिन्यात त्या दोन्ही एकमेकींत मिसळल्या. मुलाखतीच्या खोलीपुढे ते पोचले तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि शिपाई कपबशा गोळा करत होता.

“कोण पाहिजे?” त्यानं विचारलं. मग निरखून पाहिलं. “अरेच्चा, उपसाहेब! मी ओळखलंच नाही.”

“मुलाखत?” ते धापा टाकत म्हणाले.

“झाली की. साहेब लोक चहा पिऊन गेले. तुमची नेमणूक केलीय.”

“माझी? पण मी तर नव्हतो! आणि तो हिशेबातला?”

“त्यानं अर्ज कुठं केला होता?” शिपायानं बशीतलं उरलेलं बिस्किट उचललं. “पगार तोच, काम दुप्पट. अर्ज तुमचा एकट्याचाच आला होता.”