काखेतला ट्रान्झिस्टर

होनगेकर सर डाव्या काखेत ट्रान्झिस्टर धरून शिकवायचे. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा हळहळतो. एवढा मोठा रेडिओ काखेत घेऊन बिचारे तासभर उभे कसे राहत असतील, म्हणतो. रेडिओ नव्हे हो. रेडिओच्या पोटात शेंगदाण्याएवढा, तारेचे तीन पाय असलेला जो ऐवज असतो, तो. ताप बघायला थर्मामीटर लावावा तसा तो सरांच्या काखेत असायचा. फळ्यावर लिहायचं ते उजव्या हातानं, पुसायचं तेही उजव्याच हातानं. मग तासाच्या ऐन मध्यात, एखादं वाक्य अर्ध्यावर टाकून, सर शेजारच्या प्रयोगशाळेत धाव घ्यायचे आणि उरलेला तास आपला समजून पोरं कँटीनकडं पसार व्हायची.

सत्तर सालाच्या आगेमागे बेळगावातल्या एका पॉलिटेक्निकात आम्ही दोघं नोकरीला होतो. ते इलेक्ट्रॉनिक्सचे, मी ड्रॉइंगचा. घरंही हिंडलग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एकमेकांना लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. म्हणजे मला कॉलेजात सुटका नव्हती आणि घरीही नव्हती.

आमचे नवे प्रिन्सिपॉल धारवाडकडचे, मायाळू गृहस्थ. सरांचा तो न हलणारा हात पाहून ते कळवळले. "कै नोवैतेन्री, होनगेकर?" हात दुखतोय का, असं विचारून वर रजा घ्या म्हणाले. सर "इल्री", म्हणजे नाही, म्हणाले आणि आपण ट्रान्झिस्टर उबवतोय हे त्यांनी साहेबांना अस्खलित कानडीत समजावून सांगितलं. त्यानंतर प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना पुन्हा कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

गावातही हाच घोळ. रस्त्यात कुणी भेटलं तर सर एकाच हातानं रामराम करायचे. पिरनवाडीला एका मयताला आम्ही दोघं गेलो होतो. सरांनी हार उजव्या हातानंच वाहिला आणि हात जोडायची वेळ आली तेव्हा नुसती मान लववली. मास्तराला शिक्षणाचा माज आलाय, असं तिथली माणसं माझ्यादेखत बोलली. परत येताना मी सरांना झाडलं. ते शांतपणे म्हणाले, "हात उचलला असता तर मयताच्या अंगावर पडला असता की हो."

या सगळ्याच्या मुळाशी एक यंत्र होतं. कर्व्ह ट्रेसर त्याचं नाव. कुठल्याशा परदेशी मदतीतून ते कॉलेजच्या गळ्यात पडलं होतं. ट्रंकेएवढं धूड, तोंडावर हिरवी काच. ट्रान्झिस्टरचे पाय त्याच्या तीन भोकांत खोचले की काचेवर एकावर एक अशा सात-आठ हिरव्या रेघा उमटायच्या. थोडी वीज दिली तर हा गडी ती किती वाढवून परत देतो, ते त्या रेघा सांगतात, एवढं मला कळलं. सगळ्यात खालची रेघ मात्र जमिनीला टेकलेली हवी. काहीच दिलं नाही तर हा काय करतो, याची ती रेघ. काही न देताच जो वीज सोडत बसतो तो गळका.

त्या वेळचे ट्रान्झिस्टर बहुतेक जर्मेनियमचे. थंडपणी त्यांची खालची रेघ जमिनीवर झोपलेली असायची, पण जरा ऊब लागली की उठून बसायची आणि मग निवांत वर चढायला लागायची. मी जन्मभर पोरांना रेघा सरळ काढायला शिकवलं. इतकी निर्लज्ज रेघ मी दुसरी पाहिली नाही.

"थंड असतंय तवर सगळी शानी, मास्तर," सर म्हणायचे. "तापल्यावर बघू."

हे त्यांचं पालुपद. ते त्यांनी ट्रान्झिस्टरपुरतं ठेवलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण माझ्या मेव्हणीला निपाणीच्या तंबाखूवाल्यांचं एक स्थळ आलं, आणि मुलगा बघायला मी सरांना सोबत नेण्याचा शहाणपणा केला. मुलगा देखणा, नम्र, वाकून नमस्कार करणारा. सर माझ्या कानाशी लागले, "आता थंड हाय." मग त्यांनी वखार बघायची इच्छा दाखवली. मे महिना, भर दुपार, वर पत्रा, आत तंबाखूचा नाकात झोंबणारा खाट. सर एकेका बोदापाशी, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यापाशी, थांबून चौकश्या करत राहिले. शेवटी त्या पोरानं घाम पुसत हमालाला अशी शिवी हासडली की आमच्या सासऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली. "लीकेज," सर म्हणाले. स्थळ मोडलं. त्या मुलाचा पुढं संसार उत्तम झाला. आमच्या मेव्हणीला जो नवरा मिळाला तो कधीच तापत नाही, आणि कधी काही करतही नाही.

ट्रान्झिस्टर आणायला सर एसटीनं निपाणीला जायचे, कधी पुढं कोल्हापूरपर्यंत. निपाणीच्या बाजारातला रेडिओवाला त्यांना ओळखून होता. सर दारात दिसले की तो गल्ल्यावरूनच ओरडायचा, "सर, आधी इकत घ्या, मग काखंत घाला. तुमच्या काखंतला माल मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कसा देऊ?"

मी एकदा वैतागून विचारलं, की ऊबच पाहिजे तर दिव्याखाली धरा, गरम पाण्याच्या तांब्याला टेकवा, ही काख कशाला?

"दिवा जास्त तापवतोय," सर म्हणाले. "मला माणसाच्या अंगाएवढीच ऊब पायजे. जास्त न्हाय, कमी न्हाय."

कारण त्यांना तो ट्रान्झिस्टर माणसाच्या अंगावरच ठेवायचा होता. सुमनवैनींच्या.

सुमनवैनी म्हणजे सरांची बायको. मूळच्या बेळगुंदीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या गल्लीत त्यांच्याइतका तिखट कान कुणाचा नव्हता. सायकलच्या आवाजावरून दूधवाला ओळखायच्या आणि आमच्या घरात काय भांडण झालं ते दुसऱ्या दिवशी आम्हालाच नीट सांगायच्या. मग एका मोठ्या तापातून उठल्या आणि कान जायला लागले. एकदम गेले असते तर सोसलं असतं. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली. मग आमच्या मालतीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज जायला लागला. सरांचा आवाज खर्जातला, तो अजून येत होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच खाली जात राहणार, यंत्र लावून बघा.

त्या वेळचं कानाचं यंत्र म्हणजे काडेपेटीहून मोठी डबी. ती पोलक्यात छातीशी ठेवायची, तिची वायर कानापर्यंत. सरांनी ती आणली. पौष महिन्यात बरी चालली, चैत्र लागला आणि वैनींनी ती काढून त्यांच्या हातात दिली. "ह्यात शेंगा भाजल्यागत तडतडतंय वो. माणसं बोलल्यालं त्यात भाजून जातंय." सरांनी डबी उघडली, आतले ट्रान्झिस्टर काढून कर्व्ह ट्रेसरवर लावले. थंडपणी सगळे शहाणे. अंगाची ऊब लागली की खालची रेघ वर.

त्या दिवसापासून सरांची काख कामाला लागली. अंगाच्या उबेत गप्प राहणारे तीन ट्रान्झिस्टर मिळाले की स्वतः डबी करायची, असा त्यांचा बेत. शेकड्यात एखादा मिळायचा, तो डबीत बसवेपर्यंत दुसरा बिघडायचा. इकडं वैनींचा कान काही थांबून राहत नव्हता. सर एक पायरी चढायचे तेवढ्यात कान दोन उतरायचा. घरात सर मोठ्यानं बोलू लागले, मग ओरडू लागले. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, मास्तर बायकोला रोज फैलावर घेतोय. प्रत्यक्षात ते "भाजीत मीठ बरोबर आहे" एवढंच सांगत असायचे.

आणि मग बाजारात सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर मुबलक यायला लागले. सरांनी पहिला काखेत उबवून यंत्रावर लावला तेव्हा मी शेजारी होतो. खालची रेघ जमिनीवर पडली ती पडलीच. सरांनी तो पुन्हा उबवला, पुन्हा लावला. रेघ ढिम्म. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. निपाणीच्या त्या रेडिओवाल्याकडं डोळे मिटून कुठलाही उचलावा. इतकी वर्षं सर जे शोधत होते ते आता मूठभर मिळत होतं. मला वाटलं, ते नाचतील. ते स्टुलावर बसून त्या रेघेकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आदी यायला काय झालतं ह्याला?"

डबी तयार झाली. अशी गुणी, की सर तिला कान लावून म्हणायचे, आत कुणी राहतच नाही वाटतंय. त्यांनी ती वैनींच्या गळ्यात घातली, समोर बसून विचारलं, "आलं काय गं?" वैनी म्हणाल्या, "व्हय, आलं की." दुसऱ्या दिवशी सरांनी कॉलेजात गोड म्हणून कुंदा वाटला. दोन्ही हातांनी वाटला. मी त्यांना इतक्या वर्षांत दोन्ही हात वापरताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मी कुंदा दोनदा मागून घेतला.

आठवडाभरानं मालती भिंतीवरून बोलून घरात आली ती डोळे पुसतच. वैनींनी तिला जवळ ओढून सांगितलं होतं. "मालूआक्का, मला काय बी ऐकू येत न्हाय. नुसतं तोंड हललेलं दिसतंय, त्यावरनं वळखतो मी. पण त्यांस्नी बोलू नको. काखंला चट्टे पडल्यात त्यांच्या. आता हात मोकळा झालाय, ऱ्हाऊदे मोकळा."

मी कुणाला बोललो नाही. सर दोन्ही हात हलवत कॉलेजला जात होते, मयतांना दोन्ही हात जोडत होते. गावात मास्तराचा माज उतरला अशी बोलवा झाली.

पुढच्या पावसाळ्यानंतर एक दिवस सर वर्गात आले ते डावा हात अंगाला चिकटवून.

मी आधी दुर्लक्ष केलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, महिनाभर तेच. घरीही अंगणात तसेच फिरायचे. वैनींनी मालतीला सांगितलं, "आनी बारकी डबी करायलेत म्हनं. परत बांधून घेतला हात. करूदेत. त्यांचा जीव रमतोय." मला मात्र ते पटेना. सिलिकॉन उबवायचं काय कारण? हे तर सरांनीच मला शिकवलेलं.

एका रविवारी सकाळी मी भिंतीपाशी गेलो. पलीकडं वैनी आमच्याकडं पाठ करून तांदूळ निवडत होत्या. त्यांची डबी सरांच्या मांडीवर होती, मागचं झाकण उघडं. सेलची जागा रिकामी.

"सेल कुठं गेले?" मी विचारलं.

"काढून ठेवलेत. उन्हाळ्यापास्नं."

"वैनींना ठाऊक आहे?"

सरांनी नाही म्हणून मान हलवली. उन्हाळ्यात एकदा सेल बदलायला त्यांनी डबी उघडली, तर आतले सेल फुगून गळालेले. कधीचे मेले होते कोण जाणे. आणि त्याच सकाळी वैनींनी त्यांना छान ऐकू येतंय म्हणून सांगितलं होतं. मग सर एकटेच मिरजेला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, नसच गेली, आता कितीही मोठा आवाज केला तरी आत घ्यायला कुणी नाही.

"मग हे काखेत काय धरलंय?" मी चिडून म्हणालो. "सिलिकॉनला काख लागत नाही. तुम्हीच सांगितलंत."

"सिलिकॉनला लागत न्हाय," सर म्हणाले. "ती बघती न्हवं. काखंत काय तरी हाय म्हंजे काम चालू हाय, असं तिला वाटतंय. हात मोकळा सोडला तर तिला कळंल, संपलं म्हणून."

मी तापट माणूस आहे. मला वाटलं, या दोघांना भिंतीपाशी उभं करावं आणि एकदाच काय ते सांगून टाकावं. पण तिला त्याच्या चट्ट्यांची काळजी आणि त्याला तिच्या आशेची, कुणाचं काय मोडायचं? शिवाय सांगणार कसं? तिला ऐकू येत नाही, आणि तो ऐकणाऱ्यातला नाही. मी गप्प बसलो. आजतागायत बसलोय.

सरांनी झाकण लावलं, उठून वैनींच्या समोर गेले आणि डबी त्यांच्या गळ्यात घातली. वायर कानाला नीट बसवली, केसाची एक बट तिच्यात अडकली होती ती सोडवली. मग समोर उकिडवे बसले. डावा हात अंगाशी घट्ट. वैनींनी आधी त्या हाताकडं पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडं.

सरांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. वैनींनी डबीवर बोट टेकवलं आणि बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "व्हय, आलं की."

मी भिंतीला टेकून चार हातांवर उभा होतो आणि माझे कान शाबूत आहेत. सरांनी आवाज काढलाच नव्हता. नुसते ओठ हलवले होते.